खेळाची तयारी आणि आपली तयारी



आगमनकाळ सुरू झाला की वेदीवरचा रंग जांभळा होतो, पहिली मेणबत्ती पेटते आणि प्रवचनात एकच शब्द पुन्हापुन्हा कानी पडतो, तो म्हणजे तयारी. सज्ज राहा, जागे राहा. लहानपणापासून आपण हा शब्द इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो कानावरून निघून जातो, मनात उतरत नाही. मला मात्र या शब्दाचा अर्थ एका मुलाने नव्याने शिकवला, आणि तोही संगणकावरच्या एका खेळातून. ती गोष्ट आपल्यासमोर ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

२०२४ च्या ऑगस्टमधील गोष्ट. रविवारची मिस्सा संपली आणि एका आईने मला दाराशी थांबवले. तिचा मुलगा दृढीकरण संस्काराच्या माझ्या वर्गात होता. लागोपाठ दोन रविवार तो आला नव्हता. ती म्हणाली, “सर, जरा आमच्या पोराशी बोला नं. दोन महिने झाले, याच्या डोक्यात एकच आहे. वीस तारखेले कोणता तरी खेळ येणार आहे म्हणते. वर्गाले जा म्हटलं तर तोंड फिरवते. अन् सर, त्या खेळात दुसऱ्यांचे देव आहेत म्हणे. हे पाप नाही का?”

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मनात उपदेशाची दोन-चार वाक्ये तयार होती. मुलाने माझ्यासमोर एक वही ठेवली आणि माझी वाक्ये मनातच राहिली.

त्या वहीत काय होते ते आधी सांगतो. खेळाचे नाव ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’. चीनमधील ‘गेम सायन्स’ या कंपनीने तयार केलेला हा खेळ २० ऑगस्ट २०२४ रोजी जगभर एकाच वेळी खुला झाला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. या प्रकाराला ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ म्हणतात. म्हणजे खेळणारा एक पात्र होतो, त्या पात्राला हळूहळू बळ, शस्त्रे आणि विद्या मिळवून देतो आणि वाटेत येणाऱ्या राक्षसांशी स्वतःच्या हाताच्या चपळाईने लढतो. खेळ घालायला संगणकात १३० जीबी मोकळी जागा लागते आणि १६ जीबी मेमरी लागते. मुलाच्या संगणकात निम्मीच मेमरी होती. बडनेऱ्याहून गाडी पकडून तो अकोल्याला मामाकडे गेला आणि मामाच्या जुन्या संगणकातली मेमरी काढून घेऊन आला. वहीत तारखेवार नोंदी होत्या. किती पैसे साठले, कोणत्या जुन्या फाइली काढून टाकल्या, शत्रू कसे वार करतात याविषयी कोणाकडून काय कळले, सगळे लिहिलेले. १३ ऑगस्टला कंपनीने एक लहानशी चाचणी फुकट दिली होती. आपला संगणक हा खेळ पेलू शकेल की नाही हे तिच्यावरून कळत असे. ती चाचणी त्याने चार वेळा करून पाहिली होती. प्रत्येक वेळी कुठे कमी पडलो ते लिहून ठेवले होते.

मी वही मिटली आणि खरे सांगतो, मला लाज वाटली. सत्त्वपरीक्षण, म्हणजे आपले अंतःकरण प्रभूला पेलू शकेल की नाही हे तपासून पाहणे, हे मी त्याला वर्गात शिकवत होतो. पण मी स्वतः ते शेवटी कधी इतक्या काळजीने केले होते? पापनिवेदनाला जाण्यापूर्वी मी एखादी ओळ तरी लिहून काढली होती का? या मुलाला तयारी म्हणजे काय ते ठाऊक होते. फक्त तो ज्याची तयारी करत होता, ते वेगळे होते.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो प्रश्न आपल्यापैकी अनेकांचा आहे. हे पाप आहे का?

खेळणे हे पाप नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस ॲक्वायनस यांनी हा प्रश्न गंभीरपणे हाताळला आहे. शरीर थकते तशी बुद्धीही थकते आणि तिची विश्रांती म्हणजे खेळ, असे ते मानतात. त्यासाठी ते जुन्या मठवासी परंपरेतील एक कथा सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना काही लोकांना दिसले आणि त्या लोकांना ते खटकले. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले. त्याने बरेच बाण सोडल्यावर योहानाने विचारले, असेच सतत करत राहशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. तेव्हा योहानाने त्याला समजावले की मनाचेही तसेच आहे. संत थॉमस तर इतके पुढे जातात की जो माणूस कधीच हसत-खेळत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावरही विरजण घालतो, त्याचेही चुकते असे म्हणतात. पण ते मर्यादाही घालतात. खेळ अशोभनीय नसावा, त्यात आपण वाहून जाऊ नये आणि तो वेळ, स्थळ व व्यक्ती यांना शोभणारा असावा.

आपल्या अमरावतीला तर हे वेगळे सांगायला नको. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ मध्ये सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या खेळाडूंनी तिकडे जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले. खेळासाठी घाम गाळणे, शिस्त लावून घेणे, महिनोन्‌महिने सराव करणे हे या गावाला परके नाही. खुर्चीत बसून बोटे चालवणे आणि आखाड्यात अंग घुसळणे यांत मोठा फरक आहे हे खरे. पण तयारीची वृत्ती दोन्हीकडे एकच असते.

दुसऱ्यांच्या देवांचा प्रश्न उरला. वुकाँग म्हणजे चिनी कथेतला वानरराजा. सोळाव्या शतकातील एका चिनी कादंबरीत तो एका बौद्ध भिक्षूचा रक्षक म्हणून पश्चिमेकडे निघतो. हा भिक्षू कोण हे कळले तेव्हा मी चकित झालो. तो आपल्या शाळेच्या इतिहासातला ह्युएन त्संग! धर्मग्रंथांच्या शोधात सातव्या शतकात तो चीनहून भारतात आला, महाराष्ट्रातही आला आणि पुलकेशीच्या राज्यातील माणसे किती मानी आहेत ते त्याने लिहून ठेवले. सुमारे सोळा वर्षांनी तो ६५७ ग्रंथ घेऊन परत गेला. मी मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, आमाले सातवीत होता तो!” दोन महिने तयारी केली, पण कथेतला यात्रेकरू आपल्या पुस्तकात आहे हे त्याला माहीत नव्हते.

तिकडे कशाला जायचे, आपल्या पुण्यातही असा खेळ झाला आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ आणला. राजी ही मुलगी राक्षसांनी पळवून नेलेल्या आपल्या लहान भावाला शोधायला निघते. तिला दुर्गा आणि विष्णू यांचे साहाय्य मिळते. मग ख्रिस्ती मुलाने तो खेळावा की नाही? मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल करिंथकरांनी असाच प्रश्न विचारला होता आणि संत पौलाने पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याचे उत्तर दिले आहे. ज्याची श्रद्धा पक्की आहे त्याला मांसाने बाधा होत नाही. मात्र आपल्या मोकळेपणामुळे एखाद्या दुबळ्या भावाचे मन ठेचाळत असेल तर जपावे, असा त्याचा भाव आहे. कथा ऐकणे म्हणजे उपासना करणे नव्हे. आपली मुले शाळेच्या स्नेहसंमेलनात रामायणातली पात्रे करतात आणि आपण टाळ्या वाजवतो. शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा आदर करायला १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला सांगितले आहे. घरात आजीच्या मनाला लागत असेल तर तिला समजावून सांगावे, आणि तिला समजेपर्यंत आपण थोडे थांबावे. एवढेच मी त्या आईला सांगितले.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. पैसे लावून खेळायचे जुगारासारखे ऑनलाइन खेळ वेगळे आणि हे खेळ वेगळे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. वर सांगितलेले खेळ त्या प्रकारात मोडत नाहीत. ते एकदा विकत घ्यायचे आणि घरी खेळायचे. तेव्हा मुलाच्या हातात नेमके काय आहे हे आधी त्याच्याजवळ बसून पाहावे. न पाहता रागावलो तर आपल्या रागाला वजन राहत नाही.

इथपर्यंत सगळे मुलाच्या बाजूचे झाले. पण खरा प्रश्न पुढे आहे आणि तो मला सप्टेंबरमध्ये कळला.

खेळ आला होता. मुलगा वर्गालाही येऊ लागला होता, कारण तसे आमचे ठरले होते. एका संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. तो संगणकासमोर होता. मला म्हणाला, “सर, दोनच मिनिटं. वाघ आहे.” दुसऱ्या अध्यायात वाघाच्या तोंडाचा एक योद्धा लागतो आणि त्याच्यापाशी भलेभले अडकतात. मेळघाटाच्या पायथ्याचा मुलगा चिनी वाघाशी झुंजत होता. बाजूच्या खोलीतून आजीचा आवाज आला. “बाबू, जपमाळ लावून दे नं फोनवर.” तिला डोळ्यांनी फारसे दिसत नाही. तो गप्प. थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली. तो ओरडला, “आजी, थांब नं आता! एकदा सांगितलं तर समजत नाही का?” आजी पुन्हा काही बोलली नाही. तेवढ्यात वाघाने त्याला मारले. पडद्यावर अंधार झाला, पात्र जवळच्या एका देवळीपाशी पुन्हा उभे राहिले आणि तो शांतपणे पुन्हा वाघाकडे निघाला. मी विचारले, “किती वेळा मेलास?” तो अभिमानाने म्हणाला, “एकतीस वेळा.”

एकतीस वेळा वाघाकडे, आणि आजीच्या दुसऱ्या हाकेला संताप! बंधूभगिनींनो, नीतीचा प्रश्न मला इथे दिसला. त्याने एकतीस वेळा दाखवलेला धीर खोटा होता का? मला तसे वाटत नाही. चिकाटी ती चिकाटीच. सद्गुण करून करूनच अंगी येतात, असे ॲरिस्टॉटलपासून संत थॉमसपर्यंत सारे सांगतात. पण सद्गुणाला एक दिशा लागते. धीर कोणासाठी, हा प्रश्न त्याला चिकटलेला असतो. खेळात आपण मेलो तर किंमत कोणालाच द्यावी लागत नाही. आपण पुन्हा उभे राहतो, वाघही पुन्हा उभा राहतो, आधीचे सगळे पुसले जाते. पण खेळाबाहेर कोणीतरी अंधाऱ्या खोलीत हातात फोन घेऊन बसलेले असते. आपल्या खेळाची किंमत ते मुकाट्याने देत असते.

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला नव्हता, आणि तो का नव्हता हेही सांगितले पाहिजे.

१९८७ मध्ये विश्वचषकाचे सामने आपल्या देशात झाले. ३१ ऑक्टोबरला, शनिवारी, नागपूरला भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना होता. मी तेव्हा तरुण होतो. महिनाभर आधीपासून माझी तयारी चालली होती. तिकिटाची खटपट, रजेचा अर्ज, एसटीचे वेळापत्रक, कोणाकडे उतरायचे, सगळे. त्याच आठवड्यात अकोल्याहून वडिलांचे पोस्टकार्ड आले. २ नोव्हेंबर म्हणजे मृतांचा स्मरणदिन. शनिवारी-रविवारी ये, दोघे मिळून दफनभूमीतले गवत काढू, आजोबांच्या आणि तुझ्या आईच्या कबरीला चुना लावू, असे त्यांनी लिहिले होते. मी उत्तर पाठवले नाही. मी नागपूरला गेलो. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडवले, गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक केले. घसा बसेपर्यंत मी ओरडलो. सोमवारी सकाळी अकोल्याला पोहोचलो तेव्हा दोन्ही कबरी पांढऱ्याशुभ्र होत्या. वडिलांनी एकट्याने सगळे केले होते. त्यांच्या दोन्ही हातांना चुन्याने भेगा पडल्या होत्या. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “मॅच कशी झाली?”

सामना पाहणे पाप नव्हते. तो सामना आजही आठवला की आनंद होतो. पण त्या आनंदाचे बिल माझ्या वडिलांनी भरले, आणि ते हात मला अजून दिसतात.

म्हणून मी मुलाला रागावण्याऐवजी एक प्रश्न विचारला. “खेळ बंद केल्यावर मनात काय उरते?” तो विचारात पडला. म्हणाला, “कधी बरं वाटते. म्हणजे काही तरी केलं असं. अन् कधी एकदम रिकामं.” मी म्हणालो, “बाळा, एका मोठ्या संताची सुरुवात याच प्रश्नाने झाली.”

संत इग्नाशियस लोयोला हे सैनिकी वृत्तीचे गृहस्थ. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी पडून असताना त्यांनी शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या काळच्या ह्या पराक्रमाच्या कथा म्हणजे आजच्या या खेळांच्या पूर्वजच. घरात त्या मिळाल्या नाहीत. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पडल्या पडल्या ते कधी पराक्रमाची स्वप्ने रंगवत, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्नांत रंगून जाताना आनंदच होई. फरक नंतर पडे. पराक्रमाची स्वप्ने संपली की मन कोरडे आणि असमाधानी होई. संतांचे विचार संपले तरी आनंद मागे उरे. एके दिवशी हा फरक त्यांच्या ध्यानी आला आणि तिथून त्यांची आत्मपारख सुरू झाली. खेळताना काय वाटते हे पाहू नका, कारण खेळताना सगळ्यांनाच बरे वाटते. थांबल्यावर काय उरते ते पाहा.

हा निकष एकट्या संगणकाला लागू नाही. आपली रात्रीची मालिका, मोबाइलवर सरकत जाणारी चित्रे, चौकातल्या गप्पा, अगदी धर्मग्रामातली आपली धावपळसुद्धा याच निकषाने पाहावी. आणि हाताबाहेर गेलेली सवय वेगळी ओळखावी. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अशा विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी २०२२ पासून लागू झाली आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे ही त्याची लक्षणे. साधारणपणे ती वर्षभर दिसली तर तो विकार मानतात. अशा मुलाला उपदेशाची नव्हे तर डॉक्टरांची गरज असते. त्याला पापी म्हणून हिणवू नये.

आमचा मुलगा त्या टोकाला गेला नव्हता. त्या संध्याकाळी तो उठला, आजीच्या खोलीत गेला आणि फोनवर जपमाळ लावून दिली. ‘माफ कर’ वगैरे काही म्हणाला नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिला, पाचही रहस्ये संपेपर्यंत. संगणक बंद नव्हता. वाघ तिकडे वाट पाहत होता.

मला वाटले, आता मी शिकवले आणि त्याने शिकले. पण शिकायचे मला होते. मी निघताना तो फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, “सर, एक विचारू? पापनिवेदनाले मी जात नाही, कारण दर वेळेस तेच सांगावं लागते. आजीवर ओरडलो, खोटं बोललो. तेच ते. फादरले काय वाटत असन? तुमाले असं होत नाही का?”

मी वर्गात पापनिवेदनावर दोन तास बोललो होतो. पण त्या क्षणी मला खरे उत्तर द्यावे लागले. मलाही तसेच होते. त्याच कारणाने मीही कित्येक महिने गेलो नव्हतो. तेच राग, तोच हेका, तीच जीभ. पुन्हा तेच काय सांगायचे या लाजेपोटी मी दूर राहिलो होतो आणि त्या लाजेला नम्रता समजत होतो. मी त्याला म्हणालो, “मग वाघाकडे एकतीस वेळा कसा गेलास? तिथे लाज नाही वाटली?” तो हसला. म्हणाला, “तिथं तर हरलं की कळते कुठं चुकलो ते. मंग जातो पुन्हा.”

आपला प्रभूही आपल्याला हेच सांगतो ना? पेत्राने विचारले होते, भावाला सात वेळा क्षमा करू का? प्रभूने हिशोबाची वहीच मिटवून टाकली. सत्तर गुणिले सात म्हणजे मोजू नकोस. जो आपल्याला मोजू नका म्हणतो, तो आपले मोजत बसेल का? एकतिसाव्या वेळी तेच पाप घेऊन गेलो तरी दार बंद नसते. मात्र दोन फरक त्या मुलाला सांगितले आणि आपल्यालाही सांगतो. खेळात वाघ हरतो तो आपल्या हाताच्या चपळाईने. इथे आपण उठतो ते कृपेने. आपल्या बळावर उठलो असे वाटले की पुढची चूक तिथेच सुरू होते. आणि दुसरा फरक असा की खेळात पुन्हा सुरुवात केली की आधीचे सगळे पुसले जाते, पण आयुष्यात आजी तिथेच बसलेली असते. क्षमा मिळते, पण त्यानंतर उठून तिच्या खोलीत जावे लागते. प्रायश्चित्ताचा अर्थ हाच आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघेही पापनिवेदनाला गेलो. तो माझ्या आधी रांगेत होता. त्याच्या खिशात घडी केलेला वहीचा एक कागद होता.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुटीस या मुलाला संत घोषित केले. १९९१ साली जन्मलेला हा इटालियन मुलगा २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने अवघ्या पंधराव्या वर्षी वारला. संगणकात तो तरबेज होता. ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती त्याने स्वतः संकेतस्थळ करून जगापुढे मांडली. त्याला खेळांचीही आवड होती, पण त्यांच्यासाठी तो आठवड्यातून एकच तास देत असे. तो एक तास प्रत्येक मुलाला नियम म्हणून लावावा असे मी म्हणत नाही. पण आवडीची गोष्ट हातात असताना ती बाजूला ठेवता येणे, ही पंधरा वर्षांच्या मुलाची केवढी मोठी ताकद! खेळ त्याचा मालक झाला नाही.

आता आगमनकाळाचे चार आठवडे आपल्यापुढे आहेत. पालकांना माझी विनंती आहे की मुलाच्या खेळावर ओरडण्यापूर्वी एकदा त्याच्या शेजारी बसा आणि त्याची वही पाहा. त्याच्यात काय बळ आहे ते तुम्हाला कळेल. तरुणांना विनंती आहे की खेळ जरूर खेळा, पण थांबल्यावर मनात काय उरते ते स्वतःला विचारा आणि तुमच्या खेळाचे बिल घरात कोण भरते आहे तेही पाहा. आणि आम्हा मोठ्यांना, ज्यांची तयारी म्हणजे घराला रंग, करंज्यांचे सारण आणि नवे कपडे, आम्हाला त्या मुलाच्या वहीसारखी एक वही लागेल. कुठे कमी पडलो, कोणाच्या हाकेला ओ दिली नाही, कोणाचे पोस्टकार्ड अनुत्तरित राहिले, एवढे तिच्यात लिहिले तरी पुरे.

माझे वडील आता नाहीत. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मी अकोल्याला जातो आणि तिन्ही कबरींना चुना लावतो. २०२४ मध्ये तो मुलगा माझ्याबरोबर आला होता. मामाची मेमरी परत करायची होती म्हणाला, बाबांनी नवी घेऊन दिली होती. दिवसभर त्याने माझ्या बरोबरीने गवत काढले. परतताना गाडीत मी त्याला विचारले, “वाघाचे काय झाले?”

“पडला, सर. सदतिसाव्या वेळेले.”

प्रभू येशू आपणा सर्वांना पुन्हा उठण्याची कृपा देवो आणि त्याच्या आगमनासाठी आपल्याला जागे ठेवो.